तिसऱ्याचा ताप

एकतीस वर्षं मी शाळेत नर्स होते,
योर्कटनच्या उत्तरेला, जिथे रस्ता नाकासमोर सरळ
आणि कॅनोला संपतो तिथे पुन्हा कॅनोला.
पोरांच्या कपाळावर उलटा हात ठेवून
आकडा सांगायचे. थर्मामीटर मागाहून
नुसती मान डोलवायचा.

आता चार आहेत.
समोरासमोर दोन-दोन, पंख्यामागे आडवे पडलेले.
पडद्यावर चौघांचे आकडे:
एकशे नव्वद, एकशे चौऱ्याण्णव,
चौथा एकशे एक्क्याण्णव,
आणि मागच्या रांगेतला तिसरा
दोनशे बत्तीस.

विमान मीच बांधलं. धान्याच्या गोदामात, सात हिवाळे,
अकरा हजार रिव्हेटी.
नवरा म्हणायचा, शवपेटी ऐसपैस कर,
जोडीने बसायचंय.
तो मग एकटाच गेला, लाकडाच्या पेटीतून.

जुलैत पहिल्यांदा उडाले.
जमिनीपासून नऊशे फुटांवर तिसरा फणफणला.
खाली सगळं पिवळंधमक, वर मी घामाघूम,
थ्रॉटल मागे, नाक खाली,
तशीच वळून धावपट्टीवर.

लॉइड म्हणाला, नाकपुड्या मोठ्या कर.
केल्या.
तिसरा दोनशे पस्तीस.

मग दॅनिलो पास्तुख आला,
जन्मभर धान्य सुकवायची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस,
कानात लोकरीचा बोळा.
म्हणाला, वारा आत येतोच गं, पण आळशी असतो.
दाण्यांमधून जायचं सोडून फटीतून पळतो.
आणि मागचं दार बघ आधी.
ज्याला निघायला वाट नाही
तो पाहुणा उंबऱ्यावरच घुटमळतो.

रात्री गोदामातले दिवे मालवले,
इंजिनाच्या पोटात एक हातदिवा सोडला
आणि बाहेर आम्ही दोघं म्हातारे
फटी मोजत बसलो.
जिथून उजेड गळतो तिथून वारा गळतो.
मागच्या पत्र्याला एक रेघ,
तेलाच्या नळीशी चिमूटभर,
रबराची झालर जिथे उलटी दुमडली होती तिथे
बोटभर पहाट.

आरसा घालून तिसऱ्याचं डोकं पाहिलं.
पात्यांच्या मधे ओतकामाचा पापुद्रा तसाच,
कारखान्यात कुणी खरवडलाच नव्हता.
म्हणजे जन्मापासून नाक चोंदलेलं
आणि मी नुसता ताप मोजत होते.

मायरन आठवला. मागच्या बाकावरचा.
दर शुक्रवारी दुपारी ताप.
दर शुक्रवारी मी गोळी दिली, वहीत आकडा लिहिला,
घरी पाठवलं.
घरी पाठवायचं नव्हतं,
हे मला फार उशिरा कळलं.

गोल कानस घेऊन चार संध्याकाळी
एकेका पात्याच्या मधून
मागेपुढे, मागेपुढे,
मांडीवर करडा चुरा.
फटींना लाल सिलिकॉन, बोटाने सारवलेलं.
झाकणाचा मागचा ओठ दीड इंच खाली वाकवला.
दॅनिलो स्टुलावर बसून बिया सोलत होता,
साली माझ्या स्वच्छ फरशीवर.

सप्टेंबरात पुन्हा वर गेले.
कापणी चाललेली, यंत्रांमागे धुळीचे पदर.
नऊशे. दोन हजार. तीन हजार.
तिसरा दोनशे दोन.
बाकीच्यांहून आठ-दहा जास्तच, अजूनही.

रेडिओवर दॅनिलो विचारत होता, किती? किती?
मी लगेच आकडा सांगितला नाही.
हातमोजा काढला, पाय आवरून पुढे वाकले
आणि उलटा हात त्या पत्र्यावर ठेवला
ज्याच्या पलीकडे तो होता.

ऊन होता. ताप नव्हता.

मग बटण दाबून म्हणाले,
वर्गात बसू दे त्याला.